बोंबीलरावाचं चौदावं पान

सातपाटीच्या जयवंतीनं मला काम मिळवून दिलं. हे पहिल्यांदा सांगते. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला माझाच राग येईल आणि तिचं नाव बाजूला राहील – तसं व्हायला नको. बोईसरला मी परकी होते तेव्हा मला जेवलीस का असं विचारणारी ती एकटी होती. माझ्या हातात आज जे काही आहे त्याची सुरुवात तिच्या एका वाक्यानं झाली.

आणि तिच्या बाबतीत मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आई होती तोवर आईलाही नाही. आता इथं अंकलेश्वरला, जिथं शेजारपाजारात मराठी वाचणारं कुणी नाही, तिथं बसून लिहिते आहे – हेही भित्रेपणच, नाही का?

माझं गाव नांदेडकडचं. सातवी झाली आणि शाळा सुटली. सुटली कसली, सोडवली. मोठा भाऊ बोईसरच्या वसाहतीत रंगाच्या कारखान्यात लागला होता, त्याला भाकरी थापून घालायला कुणीतरी पाहिजे म्हणून मला पाठवून दिलं. कुंभवलीत एक खोली होती. भावाच्या घामाला पिवळा रंग यायचा, त्याची उशी पिवळी, टॉवेल पिवळा. तो पाळीला गेला की मी दार लावून बसायची. बाहेर गेलं तर कुणी काहीतरी विचारेल आणि मला उत्तर येणार नाही, ही भीती. ही भीती माझ्या अंगात तेव्हापासून आहे. की त्याच्याही आधीपासून?

औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला बायका घेतायत असं कळलं म्हणून एकदा धीर करून गेले. फाटकाशी मुकादमानं विचारलं, आधी कुठं काम केलंय, ओळखीचं कोण आहे? मी खाली बघत उभी. तेवढ्यात मागून आवाज आला, "माजी मावसबईन हाय ती. हात चांगला चालते तिचा."

मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. माझा हात चालतो की नाही हे तिला कुठून ठाऊक? पण मुकादमानं नाव लिहून घेतलं. आत गेल्यावर ती म्हणाली, आता काम बिघडवलंस तर माझ्या मावशीचं नाव जाईल, मला मावशीच नाय. आणि हसायला लागली. माझ्यासाठी ती खोटं बोलली ते असं, भर फाटकात, मोठ्यानं. हे लक्षात ठेवा.

कामाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं खोकल्याचं औषध भरलं जायचं. लेबल लागलेली बाटली पट्ट्यावरून समोर येई. आपण पुठ्ठ्याची चपटी डबी उघडायची, तिच्यात बाटली घालायची, माहितीचा कागद सारायचा, झाकण बंद. अशा बहात्तर डब्या झाल्या की एक मोठं खोकं पुरं. त्याच्यावर आपल्या नंबराची चिठ्ठी ठेवायची आणि खोकं टेप मारायला पुढं ढकलायचं. कुठल्या दुकानदाराची तक्रार आली तर चिठ्ठी परत यायची आणि कोणाच्या हातचं ते कळायचं. जयवंतीचा नंबर सोळा. माझा सतरा.

ज्या डब्यांवरची छपाई सरकलेली असे त्या फाडून पोत्यात टाकायच्या असा नियम होता. जयवंती त्यातल्या एक-दोन उलगडून जेवणाच्या डब्याखाली दडवायची. डबीची आतली बाजू पांढरीशुभ्र असते, पाहिलीय कधी? त्या पांढऱ्यावर तिनं बोंबीलराव काढला.

बापाच्या होडीवरची नक्षी तीच रंगवायची, त्यामुळं हात तयार होता. पण शाळा दुसरीतच संपलेली. अक्षरं काढायला बसली की ती एकमेकांच्या पायात पाय घालायची. माझं अक्षर वाटोळं – शाळेनं मला दिलेली एवढी एकच चीज. म्हणून ठरलं, चित्र तिनं काढायचं आणि बोंबीलरावाच्या तोंडचं मी लिहायचं. बॉयलरच्या मागं सावली असे, तिथं जेवणाच्या सुट्टीत आमचा हा उद्योग चाले.

बोंबीलराव कोण म्हणून सांगू? तो आधी साधा बोंबील होता, सातपाटीच्या किनाऱ्यावर दोरीला वाळत घातलेला. वसाहतीतलं रंगाचं पाणी नाल्यानं खाडीत आलं, ते यानं पोटभर प्यायलं आणि फुगून माणसाएवढा झाला. मिशा फुटल्या. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि पाठीवर फाटक्या जाळ्याचा झगा. अंगात हाड नाही, म्हणून कुठल्याही दाराखालून आत शिरायचा. पण तासभर उन्हात राहिला की वाळून काठीसारखा ताठ व्हायचा, मग कुणीतरी बादलीत बुडवल्याशिवाय हलता यायचं नाही. आणि स्वभाव? लबाड, खादाड, आळशी. एसटीचा ब्रेक निकामी झाला तेव्हा तो रस्त्यावर रबरासारखा ताणून आडवा झाला, गाडी थांबवली – आणि आत चढून एका म्हातारीला उठवून खिडकीपाशी झोपला. वादळातून होडी ओढून आणली, येताना नांगर समुद्रात विसरला आणि पापलेटं सगळी गिळली. सुक्या मासळीचा चोर धरून दिला, तर त्याच्या पोतडीतली निम्मी मासळी याच्याच झग्यात निघाली. जिथं जाईल तिथं एक संकट मिटवायचा आणि चार नवी करून ठेवायचा. दर पानाच्या शेवटच्या चौकटीत मागं सगळी पडझड, लोक धावतायत, आणि हा दोन्ही हात वर करून म्हणतोय, "माझा काय संबंध?"

ते वाक्य माझं होतं. मी घातलेलं. बायका ते वाचून तोंडाला पदर लावून हसायच्या. पट्ट्यावर कुणाची बाटली फुटली की बाकीच्या म्हणायच्या, माझा काय संबंध. मला आयुष्यात कुणी हुशार म्हटलेलं नव्हतं. तेव्हा म्हणायला लागल्या.

पानं झाली तशी जयवंतीनं जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं ती शिवली. पुस्तकच झालं. मी कोपऱ्यात आकडे घालायची. ते पुस्तक या डब्यातून त्या डब्यात हिंडायचं, त्याला कुणाच्या लोणच्याचं तेल, कुणाची हळद लागायची.

एका रविवारी तिनं मला सातपाटीला नेलं. मी समुद्र तोवर पाहिला नव्हता. एवढं पाणी, आणि त्याला पलीकडचा काठ नाही – मी तिचा हात सोडला नाही. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. कसे घालतात ठाऊक आहे? दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि दोरीवर टाकायचे, एक अलीकडं, एक पलीकडं. जयवंतीनं एक जोडी दाखवून म्हटलं, ही बघ, सोळा आणि सतरा. तिच्या आईनं मला पाटावर बसवून जेवू घातलं. ही बारीक हाय गो, खायला घाल हिला, असं ती जयवंतीला रागावून सांगत होती, जणू मी बारीक आहे तो तिच्या मुलीचा गुन्हा.

त्या वासाची मला इथं आठवण येते. लोक नाक दाबतात तो वास. मला तो आला तर मी रस्त्यात उभी राहीन.

आता मी मुद्द्यापाशी यायला हवं. किती फिरले, नाही?

जयवंतीला कधीकधी उशीर व्हायचा. होड्या सकाळी किनाऱ्याला लागणार असल्या की आईबरोबर मासळी निवडून टोपल्या भरून द्याव्या लागायच्या. मग सातपाटीची एसटी, पालघर, तिथून गाडीनं बोईसर. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढं सरकते, कंपनीचा भोंगा सरकत नाही. आणि सकाळच्या पहिल्या खोक्यांत जिच्या नंबराची चिठ्ठी नाही तिची अर्धी हजेरी जायची. म्हणून आम्ही बायका एकमेकींच्या चिठ्ठ्या ठेवायचो. तिच्या सोळा नंबराच्या दहा-बारा चिठ्ठ्या माझ्या कमरेला असायच्या. ती पोचेपर्यंत मी दोन खोकी माझ्या नावानं भरायची, दोन तिच्या. मुकादमाला कळत नव्हतं असं नाही, पण तो बघायचा नाही.

त्या सकाळी ती अजून यायची होती. चौदावं पान माझ्याकडं होतं. आदल्या दिवशी तिनं चित्र काढून दिलेलं: बोंबीलरावाला सर्दी-खोकला होतो आणि तो आमच्याच कंपनीत शिरून खोकल्याच्या औषधाची अख्खी पेटी पितो. बोलणं मी घालायचं होतं. वाटेत चालताना मला ते सुचलं आणि दम निघेना. लेबल बदलायचं म्हणून पट्टा थांबला होता. मी टेबलाच्या कडेला डबी उलगडून लिहिलं, "पेटी संपली, खोकला तसाच! नुसती झोप आली." आणि त्याची शिंक लागून कारखान्याचे पत्रे उडालेत तिथं खाली नेहमीचं, "माझा काय संबंध?"

पट्टा सुरू झाला. आणि सुपरवायझर आले. ते मागं येऊन उभे राहायचे, "हाथ चलाओ, हाथ" म्हणायचे आणि हलायचे नाहीत. पान लपवायला जागा नव्हती. माझ्या हातांनी काय केलं ते मी आजही बघू शकते – त्याच हातांनी ती डबी तिच्या घड्यांवर दुमडली, छपाई जराशी सरकलेली सोडली तर बाहेरून ती इतर डब्यांसारखीच दिसत होती, आत बाटली घातली, झाकण लावलं आणि ओळीत ठेवली. एकाहत्तर. आणखी एक, बहात्तर. खोकं पुरं. चिठ्ठी टाकायची होती. ते खोकं मी जयवंतीच्या नावानं भरत होते. मी सोळा नंबर वर ठेवला. सुपरवायझरांनी स्वतःच्या हातानं खोकं पुढं ढकललं.

तेव्हा बोलता आलं असतं. टेप मारण्याआधी. टेप मारल्यावरसुद्धा. गोदामात खोकी दोन दिवस पडून होती, मी जाताना त्यांच्याकडं बघत जायची. गोदामवाल्याला म्हटलं असतं, दादा, एक खोकं उघडायचंय. एवढंच वाक्य. मग ट्रक आला.

जयवंती साडेनऊला आली. जेवणाच्या सुट्टीत तिनं पान मागितलं. मी म्हटलं, खोलीवर राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, भावाच्या हातून बादली सांडली, भिजून लगदा झालं. ती हसली. बोंबीलराव भिजला तर बरंच झालं, ताजा राहील, म्हणाली. परत काढते म्हणाली, पण ते राहून गेलं. पुढची गोष्ट पंधराव्या पानावर सुरू झाली.

मला सांगायचं होतं हो. रोज वाटायचं, आज सांगू. पण कुठल्याशा गावात कुणी खोकलेल्या माणसानं ती डबी फेकून दिली असेल, आत बघतंय कोण, असंही वाटायचं. दीड महिना गेला. दिवाळी जवळ आली. बायकांमधून एकीला कायम करणार होते आणि जयवंतीचं नाव पहिलं होतं. तिच्याखाली माझं. तिनं आईला सांगून ठेवलं होतं, दिवाळीपासून मी टोपली डोक्यावर घेणार नाय. घरातली कंपनीत कायम झालेली पहिलीच ती असणार होती.

आणि ते पान परत आलं.

औषधाच्या दुकानदारानं ते पोस्टानं पाठवलं होतं, खोक्यातली चिठ्ठी जोडून. मॅनेजरांनी सोळा नंबराला बोलावलं आणि शेजारची म्हणून सतरालाही. टेबलावर ती उलगडलेली डबी. बोंबीलरावाची शिंक, उडालेले पत्रे, माझी वाटोळी अक्षरं. बाजूला चिठ्ठी. सोळा.

जयवंतीनं पान बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. किती वेळ? पापणी हलेल एवढाच. बादली सांडल्याची गोष्ट तिला आठवली असणारच. त्या बघण्यात सगळं कळलं तिला, हे मलाही कळलं.

मॅनेजरांनी विचारलं, हे कोणाचं?

"चित्र माजं," ती म्हणाली. "अक्षरं बी माजीच."

मॅनेजर माझ्याकडं वळले. तुझा याच्याशी काय संबंध?

हेच विचारलं त्यांनी. याच शब्दांत. मी ते वाक्य कितीदा लिहिलं होतं – हात वर केलेल्या त्या लबाडाच्या तोंडी, सगळ्यांना हसवायला. आणि मी म्हणाले, "काही नाही, साहेब."

हेच ते. हेच सांगायचं होतं. चिठ्ठी ठेवल्याचं नाही, पान लपवल्याचंही नाही. ते सगळं घाबरून झालं असं म्हणता येईल. पण त्या खोलीत ती माझ्या अक्षरांना आपली म्हणाली आणि मी ती तिच्या अंगावर टाकून मोकळी झाले. ते घाबरून नव्हतं. मला कळत होतं. यादीत तिच्यानंतर माझं नाव आहे, तेही मला त्या क्षणी आठवलं होतं.

तिला त्याच दिवशी काढलं. औषधाच्या डबीत असलं लिखाण म्हणजे खेळ नाही, मॅनेजरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सुटल्यावर मी फाटकाबाहेर आले तर ती उभी होती. माझी वाट बघत. तिच्याकडं ते शिवलेलं पुस्तक होतं. ती रागावेल म्हणून मी तयार होते. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली:

"म्हंजे बोंबीलराव भिजला नव्हता गो."

आणि थांबली. मला जागा देऊन थांबली. रस्त्यावरून रिकामा टेम्पो खडखडत गेला, तो वळेपर्यंत ती थांबली.

मी म्हटलं, "मला काय माहीत कसं गेलं ते."

"बरं," ती म्हणाली. पुस्तक माझ्या हातात दिलं. आमच्या घरात दमट असते, तुज्याकडं ठेव. आणि स्टेशनकडं चालायला लागली.

दोरीवरच्या जोडीतल्या एका बोंबलानं जबडा सोडला की दोन्ही खाली पडतात. आमच्यात तसं झालं नाही. मी कायम झाले. पुढं माझं लग्न लागलं ते कंपनीत कायम आहे म्हणून लागलं. नवरा चांगला आहे. त्याचं काम इकडं आलं, आम्ही इकडं आलो.

मधल्या तीन वर्षांत जयवंती टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. मी दिसले की हाक मारायची, ओ सतरा नंबर. मोठे मोठे बोंबील निवडून पिशवीत टाकायची आणि विचारायची, बोंबीलराव काय म्हनते? बरा आहे, असं मी म्हणायची. तिनं त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मग मी बाजाराला मागच्या गल्लीनं जायला लागले. मग बाजारच बदलला. एकदा लांबून पाहिलं, माझी नेहमीची वाट होती त्या बाजूला ती तोंड करून बसली होती. मी वळले.

पुस्तक माझ्याजवळ आहे. एवढ्या घरांतून, ट्रंकांतून, ते वाचलं. माझी मुलगी गुजराती शाळेत जाते, अक्षरं तिला लागत नाहीत, पण चित्रं बघून ती लोळून हसते. तेरावरून ती सरळ पंधरावर जाते. तिला काही खटकत नाही. मला दर वेळी त्या दोन पानांमधला नायलॉनचा दोरा दिसतो, जयवंतीनं आवळून गाठ मारलेला. तिच्या गाठी सुटत नाहीत.

तिनं मला कधी क्षमा केली की नाही, हे मी विचारणार नाही. ते मला कळायला पाहिजे असंही नाही. तिनं त्या दिवशी मला एक वाक्य सांगितलं आणि उत्तरासाठी थांबली, ते उत्तर माझ्याकडं बाकी आहे. एक दिवस मी पालघरला उतरेन, सातपाटीची एसटी पकडेन, हे पुस्तक तिच्या हातात देईन. आणि किनाऱ्यावर चारचौघींसमोर मोठ्यानं सांगेन – जसं तिनं फाटकात सांगितलं होतं – नाही भिजला, जयवंती. ते खोकं मी भरलं. अक्षरं माझी होती.